भोंग्याचं तोंड कुणीकडे

दिवाळीच्या पणत्या अजून ओसरीवर असतात, तेवढ्यातच आमच्या घरात स्पीकरचे बॉक्स बाहेर निघतात. पावसाळाभर ते मागच्या खोलीत ताडपत्रीखाली झोपलेले असतात. ताडपत्री ओढली की ओल्या लाकडाचा, रबराचा आणि उंदरांचा एकत्र वास येतो. पुढची जाळी काढायची, आत कुणी तणसाचं घरटं केलंय का बघायचं, कागदी कोनावरून बोट फिरवून कुठं फाटलंय का चाचपायचं आणि मग एकेक बॉक्स अंगणातल्या उन्हात उताणा ठेवायचा. माझी सासू दरवर्षी तेच बोलते, "इथं धान वाळवाले जागा नाही, अन् हे चालले पेट्या वाळवाले!" बोलते आणि स्वतःच आपलं धान थोडं सरकवून जागा करून देते.

यंदाही मी त्या पेट्यांच्या मध्ये बसून मऊ ब्रशनं जाळ्या झाडते आहे. समोरच्या बांधीतलं, म्हणजे बांध घातलेल्या शेतातलं, हलकं धान कापून झालं, त्याच्या कडपा, कापून टाकलेल्या मुठी, अजून आडव्या पडल्या आहेत. भारी धान मागं उभं आहे, पिवळं, मान टाकलेलं. आमगावच्या स्टेशनातून गाडी निघाल्याचं इथवर ऐकू येतं. पावसाळ्यात येत नाही. हवा कोरडी आणि थंड व्हायला लागली की लांबचे आवाज अंगणात येऊन उभे राहतात. कुणाच्या तरी गोठ्यात बादली पडते, कुणी तरी पोराला हाक मारतं, सगळं कळतं. मंडईचे दिवस आले हे मला कॅलेंडरच्या आधी कान सांगतात.

मंडई म्हणजे आमच्याकडे भाजीबाजार नव्हे. धान हाताशी आलं, दिवाळी झाली, की एकेक गाव आपापला दिवस धरून मंडई भरवतं. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, नवरामुलगा आणि नवरीमुलगी एकमेकांना चोरून बघतात. मैदानात जिलेबीची कढई असते, उसाच्या मोळ्या, उकडलेल्या शिंगाड्यांचे काळे ढीग, फुगे, बांगड्या. आणि मध्ये दंडार. गावचीच माणसं, गावचाच ढोलक, पुरुषच बाई होऊन नाचणारे आणि एक सोंगाड्या, ऐन मोक्याला तोंड घालून सगळ्यांना हसवणारा. दंडार भर उन्हात चालते. बघणारे कापलेल्या बांधीत बसतात, खाली धसकटं टोचतात, म्हणून बूड टेकायला तणस घेतात. जिलेबीचा धूर, तणसाचा वास आणि धुळीतून येणारा ढोलक, माझ्या डोक्यात हे तिन्ही एकच आहेत.

आमची साउंड सर्व्हिस ह्यांनी लग्नाआधीच सुरू केलेली. तेव्हा दोन भोंगे आणि एक मशीन होती. आता मिक्सर आहे, बॉक्स आहेत, स्टँड आहेत, पण गावातली माणसं अजून सगळ्यालाच भोंगा म्हणतात. मीही म्हणते. लग्नानंतर कित्येक वर्षं माझा त्या भोंग्यांशी संबंध एवढाच, की परत आले की त्यांच्यावरची धूळ झटकायची. मग एका वर्षी, ऐन मंडईच्या तोंडावर, आमच्याकडचा कामाचा माणूस सासरवाडीला राहायला गेला. दुसरा मिळेना. मी म्हटलं, मी येते.

"तुले कायले याचं आहे?" हे म्हणाले. "तठी गावातले पोट्टे असतेत हात लावाले."

"पोट्टे दंडार सुरू झाली का पळून जातेत. मले वायर गुंडाळता येते. बॉक्स उचलला नाही तं एका बाजूनं धरीन."

सकाळी टेम्पोत पुढच्या सीटवरचं सामान मागे टाकलेलं दिसलं, तोच ह्यांचा होकार.

तो हंगाम मला अजून जसाच्या तसा आठवतो. पहाटे निघायचं, नागझिऱ्याच्या अंगानं जाताना रस्त्यावर धुकं आणि सागाची मोठी पानं, हात गारठलेले. गावात शिरलं की पोरांचा घोळका टेम्पोमागे धावायचा. वायर सोडताना बोटांना दव लागायचं. पहिल्याच मंडईत माझं काम संपल्यावर मी बायकांच्या बाजूला जाऊन बसले. तिथं माझ्या शेजारी एक म्हातारी होती. दोनदा तिनं माझ्या दंडाला धरून विचारलं, "काय म्हणते वं तो?" मला सांगता आलं नाही. आवाज कानावर आदळत होता, पण शब्द पोचत नव्हते. पुढं बसलेले पुरुष मात्र खदाखदा हसत होते.

मी उठून मिक्सरपाशी गेले. ह्यांना सांगितलं, "बायकांले आवाज येते, बोलणं नाही येत."

"वाढवू का?"

"वाढवू नका. फिरवा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतः जाऊन त्या बाजूचा बॉक्स थोडा बायकांकडे वळवला. मी परत जाऊन बसले. पुढच्या विनोदाला म्हातारी हसली आणि हसता हसता तिनं माझ्या पाठीवर थाप मारली, जणू विनोद मीच केला होता.

त्यानंतर ते माझंच काम झालं. हे मिक्सरवर आणि मी मैदानात. मी फिरायची आणि हातानं खुणा करायची. तळवा खाली केला की कमी, कानाची पाळी ओढली की टोचतंय, मुठीनं छातीवर मारलं की बेस जास्त झाला. आवाज हा पाण्यासारखा असतो असं मला तेव्हा वाटायला लागलं. उतार मिळेल तिकडं जातो आणि काही ठिकाणी नुसताच साचतो. शाळेची भिंत समोर आली तर शब्द तिच्यावर आपटून परत येतो आणि पुढच्या शब्दाच्या अंगावर पडतो. धानाचं पुंजणं, म्हणजे कापलेल्या पेंढ्यांची गंजी, रचलेली असेल तर ते आवाज पिऊन टाकतं, त्याच्या मागं बसलेल्याला काही मिळत नाही. बॉक्स जमिनीवर ठेवला तर पहिल्या रांगेचे कान फुटतात आणि शेवटच्या रांगेत काहीच नाही, म्हणून तो डोक्यांच्या वर चढवायचा आणि नाक थोडं खाली करायचं. माईक बॉक्सच्या पुढं आला की शिट्टी मारतो, म्हणून गाणाऱ्याला मागं ठेवायचं. यातलं बरंच ह्यांना आधीच येत होतं. पण ह्यांचा सगळा अभिमान आवाज किती लांब जातो यात होता. "पलीकडच्या गावात आयकू गेला पायजे," असं ते प्रत्येक ठिकाणी म्हणायचे. मी म्हणायची, पलीकडच्या गावाची मंडई वेगळ्या दिवशी आहे, आज यांनाच ऐकू द्या. भांडत भांडत आम्ही दोघं त्या हंगामात एकमेकांचे कान झालो.

आणि त्याच हंगामात नवेगाव बांधच्या अलीकडचं ते गाव आलं.

गाव तलावाच्या काठाला आहे. आम्ही पोचलो तेव्हा पाण्यावर वाफ होती आणि मासे धरणारे जाळी उलगडत होते. मैदान म्हणजे गावाला लागून असलेल्या, कापणी झालेल्या दोन-तीन बांध्या. मधले धुरे फोडून सपाट केलेल्या. मंडईच्या मंडळाचे अध्यक्ष डोमाजी आमची वाट बघत उभे होते. वयस्कर, पांढरी टोपी, आवाज खणखणीत. त्यांनी चहा पाजला आणि मग ह्यांना जरा बाजूला घेतलं. मी वायर मोकळी करत होते, मला ऐकू येत होतं.

"खेमराजभाऊ, एक गोष्ट आहे जी." त्यांनी मैदानाच्या टोकाकडं बोट केलं. तिथं एक मोठं पुंजणं होतं आणि त्याच्या मागं हिरव्या दाराचं घर. "ते माह्या भावाचं घर. भाऊ नाही आता. भागरतावहिनी एकलीच राह्यते. तिचा पोरगा हिवराज दंडारीत बाई होऊन नाचे. रोवणीच्या दिवसांत त्याले साप चावला. गोंदियाले नेलं, पण नाही वाचला."

ह्यांनी त्या हिरव्या दाराकडं पाहिलं.

"मंडई भरवाची का नाही, यावर गावात लय बोलणं झालं. वहिनीनंच सांगतलं का भरवा. पण तिच्या घराकडं भोंग्याचं तोंड नको. तिले आयकणं सहन होणार नाही."

"नाही करत जी," हे म्हणाले. "काळजी नका करू."

अडचण एवढीच होती, की बायकांची बसायची जागा नेमकी त्याच अंगाला होती. बॉक्सची पाठ त्या घराकडं केली की बायकांची अख्खी बाजू कोरडी राहणार. मी ह्यांना ते सांगितलं. हे म्हणाले, "आजचा दिवस राहू दे. त्या घराचा इचार कर." मी विचार केला आणि स्टँड उघडायला लागले. आम्ही दोन्ही बॉक्स स्टँडवर चढवले आणि त्यांची तोंडं तलावाच्या अंगाला फिरवली. पाण्यावरून आवाज फार लांब जातो. त्या दिवशी पलीकडच्या गावाला आमची मंडई ऐकू गेली असणार, पण इथल्या बायकांना नाही.

गाणं लावून आवाज तपासायची वेळ झाली तेव्हा मी नेहमीसारखी फिरायला निघाले. फिरत फिरत पुंजण्याच्या मागं गेले. त्या घरापाशी किती आवाज येतो ते बघायचं होतं. बोलणं येत नव्हतं, सूरही नाही. नुसतं ढम ढम येत होतं, भिंतीच्या पलीकडं कुणी मुसळ घालतंय तसं. बेसला तोंड नसतं, तो सगळीकडं जातो. मी मनात धरलं, की ह्यांना बेस बंदच करायला सांगायचा.

अंगणात भागरताबाई सुपात धान पाखडत होती. उंच बांध्याची, केस अर्धे पिकलेले. मला पाहून तिचं सूप थांबलं.

"भोंगेवाल्याची बाई का तू?"

"होय मावशी."

"माह्या घराकडं पाठ काऊन केली?"

मी म्हटलं, "तुम्हाले त्रास होईन म्हणून. डोमाजीकाका म्हणाले."

"त्यानं मले इचारलं का?" ती म्हणाली. रागावली नव्हती, पण आवाज बारीक झाला होता. "सकाळपासून सारं गाव माह्या दारावरून हळू हळू चालून राह्यलं. पोरं सायकलची घंटी नाही वाजवत. आता भोंगाबी तोंड फिरवून बसला. मी काय जितेपणी मेली का?"

मी खाली बसले. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"आज हिवराजचे घुंगरू वाजणार आहेत," ती म्हणाली. "रोशन बांधणार आहे. तो सोंगाड्या होते, हिवराज बाई होये. लहानपणापासून जोडी होती त्यांची. परवा आला अन् म्हणाला, मोठीमाय, घुंगरू दे. मीच काढून देल्ले. मले तेवढे आयकाचे आहेत. मैदानात जाऊन बसाची हिंमत नाही. जाईन तं सारे दंडार सोडून माह्याकडं पाह्यतीन. इथूनच आयकीन म्हटलं होतं."

"मग मी आत्ता जाऊन फिरवाले लावते."

"थांब," ती म्हणाली. माझ्या मनगटाला तिनं धरलं. "एक गोष्ट. भोंग्यावर त्याचं नाव नको."

मग तिनं सांगितलं. ती सांगत होती तेव्हा नजर पुंजण्यावर होती.

त्या दिवशी ती दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला गेली होती. हिवराजला साप चावला तो गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथूनच त्याला मोटरसायकलवर घालून नेलं. तिला निरोप आला, की सापाची सुई दिली, बरा आहे, घाबरायचं नाही. ती परत धानाचे परे, कोवळी रोपं, रोवायला वाकली. हातातली जुडी संपवून येतेच म्हणाली. चिखलात वाकलेली असतानाच देवळावरचा भोंगा सुरू झाला. आधी खरखर, मग कुणाचा तरी आवाज आणि मग हिवराजचं नाव. नावापुढं बापाचं नाव, आडनाव आणि अंत्ययात्रा किती वाजता निघणार ते.

"मले कोणी येऊन सांगतलं नाही बाई," भागरताबाई म्हणाली. "भोंग्यानं सांगतलं."

गाणं संपलं होतं. मैदानातून ह्यांचा माईकवरचा आवाज अस्पष्ट येत होता. तिच्या सुपातले दोन दाणे जमिनीवर पडले होते, ते मी उचलून परत सुपात टाकले.

मी मैदानात परत आले तेव्हा लोक जमायला लागले होते. मंचावर हिवराजचा फोटो ठेवला होता, हसरा, त्याला झेंडूचा हार. डोमाजी माईक हातात घेऊन काय काय बोलायचं ते मंडळाच्या माणसांना सांगत होते. मी ह्यांना बाजूला बोलावलं आणि सगळं सांगितलं. ह्यांनी मिक्सरचा आवाज खाली केला. मग उठले आणि डोमाजींपाशी गेले. मीही गेले.

"काका, बॉक्स परत फिरवतो," हे म्हणाले. "भागरताबाईले आयकाचं आहे. पण हिवराजचं नाव माईकवर घेऊ नका."

डोमाजींचा चेहरा बदलला. "नाव नाही घ्याचं? गावाचं पोरगं होतं ते जी! माह्या भावाचा पोरगा. फोटो लावला, हार आणला. नाव नाही घेतलं तं लोकं का म्हणतीन?"

"नाव घ्या ना काका," मी म्हटलं. "भोंग्यावर नका घेऊ." आणि बांधीतली गोष्ट त्यांना सांगितली. जशी ऐकली तशीच, काही न जोडता.

डोमाजींनी माईक खाली केला. डोमाजींनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली.

"गोंदियावरून फोन मीच केलता," ते म्हणाले. "म्हटलं, गावात सांगून द्या. वहिनी बांधीत आहे हे माह्या ध्यानातच नव्हतं. मले वाटलं, कोणी तरी घरी जाऊन सांगीन." मग जरा वेळानं, "येवढे दिवस ती कायीच नाही बोलली मले."

"तुम्हाले काय ठाऊक होतं," हे म्हणाले.

"ठाऊक नव्हतं," डोमाजी म्हणाले. "पण येवढ्या लोकांत माईकबिगर कोणाले आयकू येईन?"

"लोकं गप्प बसले तं साऱ्यांले येईन."

हे बोलले आणि त्यांनी माईकची वायर मशीनमधून काढून घेतली. आवाज पलीकडच्या गावात गेला पाहिजे म्हणणारा हा माणूस. त्या क्षणी मला माझ्या नवऱ्याबद्दल काय वाटलं ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. इथं लिहिते आहे, एवढंच.

मग आम्ही धावपळ केली. दोन्ही बॉक्स परत बायकांच्या आणि पुरुषांच्या मध्यावर आणले, थोडे आतल्या बाजूला वळवले. बेस कमी केला. त्यावर तरुण पोरं कुरकुरली. "बेस नाही तं मजाच नाही भाऊ," एक जण म्हणाला. हे म्हणाले, "आज घुंगरू आयकाचे आहेत, छाती नाही धडधडवाची." मंचाच्या कडेला, पायांजवळ, आम्ही एक माईक आडवा ठेवला, खाली दुमडलेलं पोतं घालून, नाही तर पाय आपटल्याचाच आवाज येतो. पण पुंजणं मध्ये होतं, त्याच्या पल्याड घुंगरांचा बारीक आवाज जाणारच नव्हता. म्हणून टेम्पोतला छोटा बॉक्स मी उचलला. तो मला एकटीला उचलता येतो. रोशन वायर घेऊन माझ्या पुढं. अर्धा रंगलेला, एक मिशी काढलेली, एक राहिलेली. वायर पुंजण्याच्या कडेनं नेली, वर तणस टाकलं, म्हणजे कुणाचा पाय अडकणार नाही.

मी बॉक्स ओसरीवर, जात्याजवळ ठेवला. रोशननं मैदानाकडं बघून हात हलवला. ह्यांनी ढोलकवाल्याला थाप मारायला सांगितली. थाप ओसरीवर पडली, अगदी कानाजवळ. भागरताबाई दचकली.

"येवढ्या जवळ नको," ती म्हणाली. "तो घरात कधी नाही नाचला. मैदानात नाचे, मी इथून आयको. तसाच आला पायजे."

मी बॉक्स अंगणात आणला. ती म्हणाली, अजून. मी कुंपणापाशी नेला. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. तिथंही नको. शेवटी कुंपणाच्या बाहेर, मैदानाच्या वाटेवर, एका उलट्या घमेल्यावर तो ठेवला आणि तोंड घराकडं केलं. थाप आली. आता ती मैदानातून आल्यासारखी येत होती, पण स्पष्ट.

"हो," ती म्हणाली. "इथंच."

बॉक्स कुठं ठेवायचा याचं माप आम्ही नेहमी माणसांच्या गर्दीवरून घेतो. मैदान केवढं, माणसं किती, शेवटची रांग कुठं. आठवणीवरून घेतलेलं माप मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

रोशन मिशी रंगवायला पळाला. मी भागरताबाईजवळ ओसरीवर बसले. थोड्या वेळानं मैदानातला गलका थांबला. आधी जिलेबीवाल्याकडचा थांबला, मग पोरांचा, मग सगळाच. एवढी माणसं एकदम गप्प झालेली मी कधी ऐकली नव्हती. कुठं तरी एक तान्हं पोर रडलं आणि तेही थांबलं. डोमाजी बोलत असणार. आमच्यापर्यंत एक अक्षर आलं नाही. भागरताबाईनं पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडून मांडीवर ठेवले. तिला समजलं होतं. मग गलका हळूहळू परत सुरू झाला आणि तिनं हात सोडले.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"कोणाच्या तोंडून?"

"डोमाजीकाकांच्या."

तिनं डोक्यावरचा पदर खाली घेतला. दंडार संपल्यावर डोमाजी स्वतः शिंगाड्यांची पुडी घेऊन तिच्या दारात आले आणि बराच वेळ दारातच उभे राहिले, हे मी वायर गुंडाळताना लांबून पाहिलं. काय बोलले ते ऐकू आलं नाही. ऐकायचंही नव्हतं. शेवटी तिनं त्यांच्याकरता ओसरीवर पाट टाकलेला दिसला.

आता आम्ही कुठल्याही गावात गेलो, की स्टँड उतरवायच्या आधी हे विचारतात, "गावात कोणाले मैदानात येता येत नाही? अन् कोणाले आयकाचं नाही?" पहिल्यांदा लोकांना हसू येतं. मग कुणी तरी सांगतं. एका घरात बाळंतीण असते, तिकडं बॉक्सची पाठ करायची. कुठं कुणी म्हातारा पाय मोडून खाटेवर असतो, त्याच्या खिडकीपाशी छोटा बॉक्स जातो. एका गावात दोन्ही घरं शेजारी निघाली आणि आमची चांगलीच कसरत झाली. भागरताबाईच्या गावात आम्ही नंतरही जातो. तिच्या अंगणात आता बऱ्याच बाया बसतात, तान्ही पोरं घेऊन आलेल्या, नाही तर गुडघे दुखणाऱ्या. ती मधूनमधून त्यांच्यावर खेकसते, "चूप बसा ना बाप्पा, आयकू द्या!"

पण या दिवसांत बॉक्स उन्हात पडलेले असतात, मी ब्रश घेऊन बसलेली असते, तेव्हा मला ती पहिलीच दुपार आठवते. अंगणात आम्ही दोघीच. ऊन पुंजण्यावरून उतरून पायरीपर्यंत आलेलं. दंडार रंगली होती. बॉक्समधून ढोलक येत होता, टाळ येत होते आणि मग मंचावर रोशन आला, आमच्याकडं आधी त्याचे घुंगरूच ऐकू आले. भागरताबाईनं माझा हात धरला आणि सोडला नाही. तिच्या तळहाताला घट्टे होते. डोळे कोरडे होते. ती नुसती ऐकत होती, पिठाच्या डब्यात किती पीठ उरलं ते हात घालून बघावं तशी.

रोशन नाचायला गेला आणि चुकला. मुद्दाम की खरंच, कुणास ठाऊक. ढोलकवाला थांबला. रोशन तालातच ओरडला, "काय करू राजा! हे घुंगरू माह्यं आयकतच नाही! मी इकडं जातो, तं हे तिकडं जातेत. यांले सवय दुसऱ्या पायाची!"

माझ्या शेजारी भागरताबाई हसली. तोंडावर पदर घ्यायच्या आतच, मोकळी, मोठ्यानं. वायरीतून आलेला आवाज तिच्यापाशी लगेच पोचला होता. मैदानातलं हसू हवेतून, पुंजण्याला वळसा घालून येत होतं, त्याला वेळ लागला. आधी ती एकटी हसली. मग तिच्या मागून सगळं गाव हसलं.